फिलिप्पैकरांस पत्र तोंडपाठ करताना: पंधरा आठवड्यांच्या नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५

बायबलच्या नव्या करारातील पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र, म्हणजे फिलिप्पै येथील मंडळीला (तिथल्या ख्रिस्ती लोकांना) लिहिलेले पत्र, संपूर्ण पाठ करण्यास आजपासून आरंभ केला आहे. पत्राचे अध्याय चार. पहिल्यात ३०, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २१ आणि चौथ्यात २३ अशा एकूण १०४ ओव्या, म्हणजे क्रमांकाची वचने, होतात. आठवड्याला सात ओव्या धरल्या तर पंधरावा आठवडा १९ एप्रिलला संपतो आणि दुसऱ्याच दिवशी ईस्टर आहे. हिशेब जुळला म्हणून हे पत्र निवडले असे सांगितले तर ते अर्धेच खरे ठरेल.

उरलेले अर्धे कारण असे. माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक कार्ड गेली कित्येक वर्षे चिकटवलेले आहे. त्यावर या पत्राच्या चौथ्या अध्यायातील तेरावी ओवी आहे: ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.’ कार्यालयात लेखापरीक्षक येणार असले की मी ती म्हणते. मुलाच्या दहावीच्या वेळी रोज म्हणत होते. डिसेंबरमध्ये संडे स्कूलच्या वर्गात हीच ओवी सुवर्णवचन म्हणून शिकवली, तेव्हा चौथीतल्या एका मुलाने विचारले, “ताई, सर्वकाही म्हणजे काय काय?” मी काहीतरी उत्तर दिले. घरी येऊन पाहिले तेव्हा लक्षात आले की तिच्या आधीची ओवी कोणती, हे मला सांगता आले नसते. इतकी वर्षे एक वाक्य मी त्याच्या घरातून उचलून आणून वापरत होते.

सुटी वचने पाठ करण्याची शिस्त वाईट आहे, असे मला म्हणायचे नाही. डॉसन ट्रॉटमन यांनी १९३३ मध्ये सुरू केलेल्या नॅव्हिगेटर्स या चळवळीने विषयवार निवडलेल्या साठ वचनांची कार्डे जगभर पोहोचवली आणि त्यांवर पुष्कळांचे आयुष्य उभे राहिले. मीही कॉलेजात असताना त्यांतली तीसेक पाठ केली होती. त्यांतली आज किती येतात, ते मात्र लिहीत नाही.

साधने: बायबल सोसायटीच्या मराठी पवित्र शास्त्राची माझी जुनी छापील प्रत (फोनवरील मजकूर मुद्दाम वापरायचा नाही, कारण ओवी पानावर डावीकडे आहे की उजवीकडे, हेसुद्धा आठवणीला धरून ठेवते), शंभर पानी वही, लाल पेन, पुठ्ठ्याची कार्डे आणि ती ठेवायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

बुधवार, ८ जानेवारी

पहिल्या दोन ओव्या म्हणजे पत्राचा मायना आहे आणि तो एका दिवसात झाला. तिसरीपासून मात्र पौलाची वाक्ये लांबतात. सहावी ओवी, ‘ज्याने तुमच्या ठायी चांगले काम आरंभले तो ते सिद्धीस नेईल’ हा भाग असलेली, मला लहानपणापासून येते असा माझा समज होता. प्रत्यक्षात शेवट येत होता आणि सुरुवात येत नव्हती.

मंगळवार, १४ जानेवारी

सकाळी सहा वाजता गच्चीवर फेऱ्या मारत मोठ्याने म्हणण्याचा प्रयोग चालू आहे. शेजारच्या आजींचा हरिपाठ त्याच वेळी असतो. आज तिळगूळ देताना त्यांनी विचारले, “तुमचा कोणता पाठ चाललाय?” मी सांगितले. त्या म्हणाल्या, “अभंग आहेत का?” मी म्हटले, गद्य आहे. त्यांना माझी दया आल्यासारखी दिसली, आणि ती योग्यच होती.

मराठी ख्रिस्ती माणूस बायबलच्या वचनाला ‘ओवी’ म्हणतो. ओवी म्हणजे जात्यावर म्हणायची, यमकाने जिभेला आपोआप पुढे नेणारी रचना. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या सुमारे ११,००० ओव्या खऱ्याच ओव्या आहेत, म्हणून त्या गोव्यात लोकांच्या तोंडी बसू शकल्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने आमच्या मंडळीत निरक्षर म्हाताऱ्यांनाही पुस्तकाशिवाय येतात. बायबलची ओवी मात्र नावाची ओवी आहे. ती आहे मुळात गद्यावर घातलेली क्रमांकाची खूण, आणि पाठ करणाऱ्याला यमकाचा काडीइतका आधार मिळत नाही. त्याची भरपाई फक्त आवाजाने होते.

याला शास्त्राचाही आधार आहे, असे मी समजते. पहिल्या स्तोत्रात नीतिमान मनुष्य परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस ‘मनन’ करतो असे आपण वाचतो आणि डोळे मिटून गप्प बसलेला माणूस आपल्यापुढे उभा राहतो. मूळ इब्री क्रियापद ‘हागा’ आहे, आणि त्याचा अर्थ पुटपुटणे, घोकणे असा आहे. यशयाच्या एकतिसाव्या अध्यायात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला हेच क्रियापद लावले आहे. म्हणजे ते मनन ऐकू येण्यासारखे होते. यहोशवाला मिळालेल्या आज्ञेतही नियमशास्त्राचा ग्रंथ ‘मुखी’ असावा असेच म्हटले आहे.

रविवार, २६ जानेवारी

तीन आठवडे पूर्ण झाले. पहिल्या अध्यायाच्या २१ ओव्या झाल्या. आज पहिल्यांदा सगळ्या एकत्र म्हणून पाहिल्या आणि निकाल वाईट आला. चालू आठवड्याच्या सात स्वच्छ आल्या, दुसऱ्या आठवड्याच्या सातांत चार चुका झाल्या, आणि पहिल्या आठवड्याच्या, पक्क्या वाटलेल्या सातांपैकी दोनच धड आल्या.

कारण सरळ आहे. नवे पाठ करण्याच्या घाईत मी जुने उजळलेच नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून, ती किती वेगाने विसरतात याची मोजणी १८८५ मध्ये प्रसिद्ध केली. विसरणे सुरुवातीला सर्वांत वेगाने होते आणि मग मंदावते, हे त्याने दाखवले. पौलाची वाक्ये निरर्थक नाहीत, पण माझे डोके त्याच नियमाने चालते.

आजपासून डब्यात पुठ्ठ्याचे चार कप्पे केले. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात राहील आणि रोज म्हटले जाईल, न चुकता आले की दुसऱ्यात, म्हणजे दोन दिवसांआड, तेथून तिसऱ्यात, म्हणजे आठवड्याला, चौथ्यात महिन्याला. जे चुकेल ते कोणत्याही कप्प्यात असले तरी पहिल्यात परत येईल. शिवाय, अडले की लगेच कार्ड उलटून पाहायचे नाही, निदान तीस आकडे मोजेपर्यंत थांबायचे. वाचून बरे वाटते. पण मनातून ओढून काढल्याखेरीज ओवी टिकत नाही.

‘मला तर जगणे हे ख्रिस्त आणि मरणे हे लाभ आहे’ ही एकविसावी ओवी एका दमात पाठ झाली. छोटी वाक्ये फसवी असतात. लहानपणी शब्बाथ शाळेत वचन म्हणून दाखवल्यावर एक रंगीत चित्र मिळत असे, आणि आम्ही सगळे आळशी दर रविवारी उठून योहानाच्या अकराव्या अध्यायातील पस्तिसावी ओवी म्हणत असू: ‘येशू रडला.’ दोन शब्द आणि एक चित्र. तो कोणाच्या कबरेपाशी रडला, हे आम्हांला कोणी विचारले नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

आईच्या डाव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ती अहिल्यानगरला भावाकडे असते. मी शुक्रवारी रात्री पुण्याहून एस.टी.ने गेले आणि आज परत आले. पुढचे काही आठवडे दर शनिवारी जावे लागेल. डॉक्टरांनी तूर्त वाचन बंद ठेवायला सांगितले आहे, आणि आईचा दिवस पहाटेच्या वाचनाने सुरू होत असल्यामुळे तिला हे शस्त्रक्रियेपेक्षा जड गेले आहे. मी तिच्याजवळ बसून पहिला अध्याय पुस्तकाशिवाय म्हटला. भावजय आत स्वयंपाकघरात होती. वडिलांच्या घराच्या वाटणीपासून, म्हणजे तीन वर्षे, आमचे एकमेकींशी सरळ बोलणे नाही. निरोप भावामार्फत जातात. हे येथे लिहिण्याचे कारण नाही, पण दिवस तसा गेला म्हणून लिहिले.

प्रवासाचा फायदा झाला. वाघोली ते शिरूर या टप्प्यात दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पाच ओव्या पक्क्या झाल्या. शेजारच्या बाई मी पुटपुटते आहे हे पाहून किंचित सरकून बसल्या.

शनिवार, १५ फेब्रुवारी

हा आठवडा पत्राच्या शिखराचा होता. दुसऱ्या अध्यायातील सहा ते अकरा या ओव्या पौलाच्याही आधी मंडळीत म्हटले जाणारे ख्रिस्तस्तोत्र असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. मूळ ग्रीक रचनेला ताल आहे. मराठीत तो ताल पूर्ण उतरत नाही, तरी उतरणे आणि चढणे कानाला कळते: देवाच्या स्वरूपाचा असलेला तो स्वतःला रिक्त करतो, दासाचे स्वरूप घेतो, मरण सोसतो, ‘आणि तेही वधस्तंभावरचे मरण’, आणि तेथून वाक्य ‘ह्यामुळे’ या एका शब्दावर पाय रोवून वर चढते.

येथेच माझी पद्धत मोडली. एक कार्ड एक ओवी, असा नियम होता. सहावी ओवी पाचवीवर लोंबकळते, सातवी ‘तर’ने सुरू होते, आठवी ‘आणि’ने, आणि प्रत्येक कार्डाच्या शेवटी माझी जीभ थांबते, कारण पुढचा शब्द दुसऱ्या पुठ्ठ्यावर असतो. नव्या करारातील ओव्यांचे आज चालू असलेले क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ च्या आपल्या आवृत्तीत घातले. पौलाने क्रमांक घातले नव्हते. तेव्हा सगळी कार्डे फेकून वाक्यावार नवी केली: क्रमांक कोपऱ्यात बारीक, आणि प्रत्येक कार्डाच्या शेवटी पुढच्या कार्डाचे पहिले दोन शब्द लाल शाईत. सांधे पक्के झाले की मधले आपोआप येते, हा या आठवड्यातला सर्वांत उपयोगी शोध आहे.

आणखी एक गोष्ट पाठ केल्याशिवाय दिसली नसती. सहाव्या ओवीत देवाच्या बरोबरीचे असणे हा ‘लाभ’ आहे असे त्याने मानले नाही, असे आहे. हा शब्द जिभेवर येताच पहिल्या अध्यायातील ‘मरणे हे लाभ’ आठवले, आणि पुढे तिसऱ्या अध्यायात पौल आपल्या लाभाच्या गोष्टी हानीच्या समजतो, तेही. तिन्ही ठिकाणी लाभ! मला वाटले की पत्राचे सूत्र हाती लागले. पाळकसाहेबांना फोन केला. त्यांनी ग्रीक पाहून सांगितले की पहिल्या आणि तिसऱ्या अध्यायातला शब्द एकच आहे, ‘केर्दोस’, म्हणजे नफा. दुसऱ्यातला मात्र ‘हार्पाग्मोस’, म्हणजे बळकावण्याची किंवा घट्ट धरून ठेवण्याची वस्तू. तीनपैकी दोन धागे पौलाचे आणि एक भाषांतरकाराचा. थोडा हिरमोड झाला. पण मी मराठीत पाठ करते आहे, म्हणजे भाषांतरकाराचाही हात धरून चालते आहे, हे विसरायला नको.

रविवार, २३ फेब्रुवारी

आईमुळे एक नवी अडचण उभी राहिली आहे. मी म्हणत असताना ती मध्येच दुरुस्त करते, आणि तिची दुरुस्ती माझ्या प्रतीप्रमाणे चूक असते, कारण तिचे पाठांतर जुन्या छपाईचे आहे. तेविसाव्या स्तोत्रात माझ्या पुस्तकात मेंढपाळ हिरव्या कुरणांत ‘बसवतो’ आणि नीतिमार्गांनी ‘चालवतो’. आईच्या तोंडी तो ‘बसवितो’ आणि ‘चालवितो’. एका वेलांटीचा फरक आहे, पण ती हटत नाही. फिलिप्पैकरांस पत्रातही तिचे ‘करितो’, ‘म्हणून’च्या जागी आणखी काही, असे चालू असते, आणि आज पुण्यात परत आल्यावर माझ्या दोन वाक्यांत तिची रूपे शिरलेली सापडली.

नियम केला: नवे वाक्य पहिल्या कप्प्यातून बाहेर पडल्याशिवाय आईसमोर म्हणायचे नाही. मात्र तिच्या स्तोत्रांना हात लावायचा नाही. ती पट्टी बांधलेल्या डोळ्याने १२१ वे स्तोत्र म्हणते तेव्हा एकही शब्द अडत नाही, आणि ते तिने पंच्याहत्तर वर्षांपूर्वी, छपराच्या शाळेत, मास्तरांच्या छडीच्या धाकाने पाठ केलेले आहे.

बुधवार, ५ मार्च

आज राखेचा बुधवार, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. दुसरा अध्याय संपत आला आहे. त्याचा शेवट तीमथ्य आणि एपफ्रदीत या पौलाच्या सोबत्यांविषयीच्या निरोपांचा आहे. आजाऱ्याची विचारपूस, कोणाला केव्हा पाठवतो याचा खुलासा. पाठ करायला कंटाळवाणा आणि म्हणूनच कोणी न करणारा भाग. पण एपफ्रदीत मरणाच्या दारी गेला होता आणि आपल्या आजाराची बातमी घरच्यांना लागली, याचेच त्याला वाईट वाटत होते, हे मी आजवर दहा वेळा वाचून विसरले होते. आता विसरणार नाही.

उपवासकाळाला धरून एक कबुली. रविवारी सभेनंतर कोणीतरी “ताई अख्खे पत्र पाठ करताहेत” असे म्हटले आणि मला ते फार आवडले. चौथ्या शतकात मिसरात पाखोमियस याच्या मठात येणाऱ्याने निदान नवा करार आणि स्तोत्रसंहिता पाठ करावी असा नियम होता, आणि तेथे ते कौतुकाचे काम नव्हते. टोपल्या विणताना तोंडाला लावून ठेवण्याचे काम होते. शिवाय मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशू रानात तिन्ही वेळा जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातील वचनांनी उत्तर देतो हे आपण मुलांना हौसेने शिकवतो, पण मधल्या परीक्षेत सैतानही ९१ व्या स्तोत्रातील वचन म्हणतो, हे सांगताना आपला आवाज जरा उतरतो. पाठांतर त्यालाही येत होते.

बुधवार, १९ मार्च

मोठा घोटाळा सापडला. जानेवारीच्या अखेरीस चारही अध्याय माझ्याच आवाजात फोनवर वाचून ठेवले होते, बसमध्ये ऐकण्यासाठी. तिसऱ्या अध्यायाच्या तेराव्या-चौदाव्या ओवीत, जेथे पौल मागील गोष्टींवरील लक्ष काढून पुढील गोष्टींकडे लक्ष लावतो आणि ‘मर्यादेवरील खुणेकडे’ धावतो, तेथे वाचताना माझी नजर एक ओळ सोडून खाली गेली होती. ‘लक्ष काढून’ आणि ‘लक्ष लावून’ यांत डोळा घसरला. पुस्तके हाताने उतरवणाऱ्यांकडून होणारी ही जुनी चूक. मी ती फोनवर केली. त्यामुळे माझा पौल गेले काही आठवडे मागील गोष्टींवरील लक्ष काढून थेट धावत सुटला होता, पुढे न पाहता.

चुकीचे पाठ झालेले पुसणे नवे पाठ करण्याहून कठीण आहे. उपाय: ते वाक्य वहीत रोज पाच वेळा हाताने लिहिणे, आणि रेकॉर्डिंग पुसून टाकणे.

शनिवार, २९ मार्च

चौथ्या अध्यायात प्रवेश झाला. या आठवड्यात विचित्र प्रकार घडतो आहे. पहिली ओवी येते, चौथी, ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’, येते, आणि मधली दुसरी-तिसरी गळते. अडत नाही, गळते. मी पहिलीवरून सरळ आनंदावर उडी मारते आणि मला पत्ताही लागत नाही. कार्ड पाच वेळा पहिल्या कप्प्यात परत आले.

वहीत कारण असे लिहिले: युवदीया आणि सुंतुखे ही नावे अनोळखी आहेत, जिभेला सवय नाही. या फिलिप्पैच्या मंडळीतल्या दोन स्त्रिया. पौलाबरोबर सुवार्तेच्या कामात झटलेल्या. त्यांचे काय बिनसले होते ते पत्रात नाही. पौल दोघींना वेगवेगळी विनंती करतो, क्रियापद दोनदा वापरतो, जणू एकीकडे तोंड करून आणि मग दुसरीकडे. एकचित्त व्हा, म्हणतो. आणि मग एका सोबत्याला सांगतो की या दोघींना साहाय्य कर. पत्र सभेत सर्वांसमोर मोठ्याने वाचले जाणार होते. दोघी तेथे बसलेल्या असतील.

बुधवार, २ एप्रिल

आठवी ओवी. सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध, प्रशंसनीय, श्रवणीय, सद्गुण, स्तुती. याद्या हा पाठ करणाऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू, कारण यादीतल्या वस्तूंना एकमेकींची गरज नसते. न्याय्य आणि शुद्ध यांची अदलाबदल तीन दिवस चालली. शेवटी व्याकरणाने हात दिला: सहा वेळा ‘जे काही’, मग ‘जो काही सद्गुण’, मग ‘जी काही स्तुती’. लिंग बदलले की शेवट आला असे समजायचे. क्रम मात्र हाताच्या बोटांवरच बसवावा लागला.

गुरुवार, १० एप्रिल

चौथ्या अध्यायातील अकरा ते तेरा या ओव्या म्हणजे ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप आरंभला त्या.

बारावी इतकी सहज पाठ झाली की मलाच आश्चर्य वाटले. ‘अन्नतृप्त असणे व क्षुधित असणे, संपन्न असणे व विपन्न असणे’. जड संस्कृत शब्द आहेत आणि मुलांना शिकवताना मी ते नेहमी टाळत आले, पण संपन्न आणि विपन्न हे एकदा कानात पडले की निघत नाहीत. आमच्या गद्य ओवीला येथे चुकून यमक लागले आहे. तर कार्डावरच्या ‘सर्वकाही’त काय काय येते, याचे उत्तर आधीच्या ओवीतच पडलेले होते: पोट भरलेले असणे आणि उपाशी असणे. त्यात लेखापरीक्षा नाही आणि दहावीचे गुणही नाहीत. बंदिवासात असलेला माणूस, पैसे मिळाल्याची पोच देताना, हे वाक्य लिहितो आहे.

अकराव्या ओवीत पौल म्हणतो की तो कोणत्याही स्थितीत ‘स्वावलंबी’ राहण्यास शिकला आहे. ग्रीक शब्द स्तोइक तत्त्वज्ञांच्या आवडीचा आहे, ज्याला कोणाचीच गरज नाही अशा माणसासाठी वापरलेला. पण तेथे थांबून चालत नाही, कारण दोनच ओव्यांनंतर त्याचे सामर्थ्य दुसऱ्या कोणाकडून येते, आणि चौदाव्या ओवीत लगेच तो म्हणतो की तरी तुम्ही माझ्या संकटात सहभागी झालात हे ठीक केले. सर्वकाही करण्यास शक्तिमान असलेला माणूस पुढच्याच श्वासात मदतीबद्दल आभार मानतो. तेरावीवर थांबणाऱ्या कार्डावर चौदावी कधी नव्हती. कपाटावरचे कार्ड काढले नाही. त्याच्या खाली चौदावी लिहून चिकटवली.

संडे स्कूलमधल्या त्या मुलाला येत्या रविवारी सांगायचे आहे. तो विसरला असेल, पण मी विसरले नाही.

रविवार, १३ एप्रिल

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. सभेत दुसऱ्या अध्यायाचा तोच उतारा वाचला गेला आणि वाचक एका शब्दावर अडखळले. माझ्या ओठांनी तो शब्द पुरवला आणि पुढच्या बाकावरील दोघांनी मागे वळून पाहिले. संडे स्कूलमधल्या त्या मुलाला सांगितले. तो म्हणाला, “म्हणजे भूक लागली तरी चालेल असं?” यापेक्षा चांगले मला सांगता आले नसते.

शनिवार, १९ एप्रिल

अंतिम परीक्षा काल उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) तीन तासांच्या उपासनेनंतर घ्यायची होती, पण थकवा आल्यामुळे आज घेतली. माझ्या मुलाने पुस्तक धरले. संपूर्ण पत्राला सतरा मिनिटे लागली. सूचना द्यावी लागली अशी ठिकाणे नऊ. शब्द बदलला पण अर्थ राहिला अशी चौदा. पूर्ण गळलेले ठिकाण एक. ते कोणते, हे लिहिण्याची गरज नाही.

रविवार, २० एप्रिल

सूर्योदयाची उपासना आटोपून दुपारी नगरला पोहोचले. आईचा डोळा आता स्वच्छ आहे आणि तिला वाचता येते, तरी ती म्हणाली की पुस्तक मिटून ठेव आणि म्हण. जेवणानंतर ओट्यावर बसून म्हटले. पौलाची पत्रे लिहिली गेली ती एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी ऐकायची म्हणून. कलस्सैकरांस पत्रात तर ते वाचून झाल्यावर शेजारच्या लावदिकीयाच्या मंडळीतही वाचून घ्या, अशी स्पष्ट सूचना आहे. तरी मी ही गोष्ट आज प्रथमच केली. आई दोन-तीन ठिकाणी ‘करितो’ म्हणाली. मी थांबले नाही.

चौथ्या अध्यायाच्या आरंभी, ती पाहत असल्यामुळे असेल, दुसरी ओवी गळली नाही. दोन्ही नावे आली. शेवटचा आशीर्वाद झाला, आणि आई थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “काय गं, त्या दोघींचं पुढं मिटलं का?”

मी सांगितले की पत्रात ते नाही.

भावजय दारात उभी होती, हातात ताटे. ती किती वेळ ऐकत होती ते मला ठाऊक नाही. ती आईकडे पाहून म्हणाली, “मिटलं असंल. नाहीतर त्या लोकांनी हे पत्र जपून कशाला ठेवलं असतं?”

यावर मी काय बोलावे ते सुचले नाही, आणि काही बोललेही नाही. पंधरा आठवड्यांत मी जे कार्ड पुन्हा पुन्हा पहिल्या कप्प्यात टाकले, त्याविषयी या पत्राच्या संदर्भात मी ऐकलेले हे सर्वांत शहाणे वाक्य आहे, म्हणून ते तिच्याच शब्दांत येथे उतरवून ठेवले.

रविवार, २७ एप्रिल

पुढील व्यवस्था. पत्राचे चार अध्याय महिन्याच्या चार रविवारी, एकेक, गच्चीवर म्हणायचे. पाचवा रविवार आला तर संपूर्ण. चौथ्या कप्प्यात आज ६१ कार्डे आहेत, तिसऱ्यात २२, बाकीची खाली. आईने १२१ वे स्तोत्र मला तिच्या रूपांत शिकवण्याचे ठरवले आहे. आठ ओव्या, फोनवरून, रोज रात्री एक. तेथे माझी प्रत चालणार नाही, असे तिने बजावले आहे.

भावाच्या घरून आज फोन आला तो भावाने केला नव्हता. आईच्या डोळ्यातील थेंबांची बाटली संपली आहे आणि तेच औषध नगरला मिळत नाही, एवढेच काम होते. पुण्याहून उद्या पाठवते, असे मी सांगितले.

चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या ओवीचे कार्ड आजच्या उजळणीत गळले नाही, पण दुसऱ्या नावावर अडले. नियमाप्रमाणे पहिल्या कप्प्यात ठेवले.